'क्रीमी' बिअरला मराठीत काय म्हणावं?

दौतटाक: मिल्क स्टाउट या काळ्या बिअरच्या चवीचं इंग्रजी टिपण मराठीत करतोय. ओळ अशी: स्मूद, क्रीमी, किंचित गोड, शेवटी रोस्टी. 'क्रीमी'ला 'मलईदार' लिहिलं, तर तपासणाऱ्याने खोडलं. म्हणे मलई म्हणजे स्निग्धांश, आणि यात तो औषधालाही नाही. मग लिहू काय?

सातूचं_पीठ: तपासणाऱ्याचं बरोबर आहे. नावात दूध असलं तरी बिअरमध्ये पडते ती फक्त लॅक्टोज, म्हणजे दुग्धशर्करा. 20 लिटरला साधारण 400 ते 500 ग्रॅम, उकळीच्या शेवटच्या 10-15 मिनिटांत. बिअरच्या यीस्टला ती पचत नाही, म्हणून आंबवण संपलं तरी ती तशीच उरते आणि शेवटची घनता (पाण्याची 1.000 धरून) 1.012 ऐवजी 1.020 च्या आसपास थांबते. साध्या साखरेच्या मानाने तिची गोडी पाचव्या-सहाव्या हिश्श्याची. त्यामुळे बिअर गोडमिट्ट न होता अंगाने भरते. सरळ 'दाट' लिहा.

पाटावरवंटा: दाट आमटी असते. इथे 'मिळून आलेली' बसेल. कडू, गोड, भाजका वास, काहीच वेगळं टोचत नाही.

दौतटाक: शब्द झकास, पण तो चवीबद्दल बोलतो. मला जिभेला होणारा स्पर्श हवाय. 'लोण्यासारखी मऊ' चालेल?

फेसाळ: लोणी चुकूनही नको! बिअरला लोण्याचा वास येणं हा दोष आहे, डायअसेटिल नावाच्या रसायनाचा. आंबवण संपत आलं की यीस्ट ते परत शोषून घेतं. टाकी घाईने थंड केली की राहून जातं. नळ्या नीट धुतल्या नाहीत तर जिवाणूही ते तयार करतात. जाणकार माणूस 'लोण्यासारखी' वाचून ग्लास परत पाठवेल.

शिवाय सगळं श्रेय लॅक्टोजला देऊ नका. नळाच्या स्टाउटमध्ये निम्मं काम नायट्रोजनचं. सुमारे 75 टक्के नायट्रोजन, 25 टक्के कर्बवायू, दाब 30 पीएसआयच्या वर, आणि नळात बारीक भोकांची चकती. नायट्रोजन बिअरमध्ये जेमतेम विरघळतो, म्हणून चकतीतून जाताना त्याचे अगदी बारीक बुडबुडे सुटतात. कर्बवायू कमी, म्हणून जीभ चरचरत नाही. आयर्लंडच्या गिनेस कंपनीने हे 1959 साली नळावर आणलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या लेफ्ट हँड ब्रुअरीने 2011 मध्ये नायट्रो (नायट्रोजनवाली) मिल्क स्टाउट बाटलीत भरली. ती नेहमीसारखी ग्लास तिरका धरून हळूहळू ओतली की सपक लागते. बाटली ग्लासावर थेट उलटी करायची.

अस्सल_मऱ्हाटी: स्मूद, क्रीमी, नायट्रो! 'मृदुस्निग्ध' लिहा आणि मोकळे व्हा.

फेसाळ: स्निग्ध म्हणजे तेल-तूप. तेच तर बिअरचं वैरी! ग्लासाला तेलकट बोट लागलं तरी फेस बसतो. ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरा. जिथे चिकटणार नाही तिथे तेलकटपणा उरलाय.

पाटावरवंटा: मग 'दुधाळ'?

सातूचं_पीठ: दुधाळ म्हैस असते. ब्रिटनमध्ये हा वाद होऊन गेलाय. मॅकेसनची मिल्क स्टाउट 1907 ची, केंटमधल्या हाइथची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे अशा बिअरच्या नावात 'मिल्क' वापरायला मनाई झाली, कारण आत दूध नव्हतं. लेबलवरचा दुधाचा कॅन मात्र टिकला. तुमच्या टिपणात लॅक्टोजचा उल्लेख ठेवाच, दूध न पचणाऱ्यांना तो लागतो.

अस्सल_मऱ्हाटी: आणि 'रोस्टी'चं काय केलंत? 'करपट'?

पाटावरवंटा: अहो, करपट नव्हे, खरपूस! करपलेलं टाकून देतात, खरपूस मागून खातात.

अस्सल_मऱ्हाटी: दोन्ही एकाच मुळातले असणार. करप, खरप.

दौतटाक: ध्वनी जुळला की मूळ जुळलं, असं नसतं.

सातूचं_पीठ: मूळ काही असो, भेद कामाचा आहे. भाजलेले जव आणि चॉकलेट माल्ट (मोड आणून चॉकलेटी रंगावर भाजलेले जव) यांनी कॉफी-कोकोकडे जाणारी खरपूस चव येते. ब्लॅक माल्टचा हात सैल सुटला की करपट, राखेसारखी. तिसरा शब्दही वेगळा ठेवा: तुरट. धान्य धुवायचं पाणी 77 अंशांच्या वर गेलं, त्यात सामू (pH) 6 च्या पुढे सरकला, की सालींमधलं टॅनिन उतरतं. जीभ कोरडी पडते ती त्याने. करपट आणि तुरट यांची गल्लत चवीच्या टिपणात सर्रास होते.

फेसाळ: आणि हे शब्द लिहिण्याआधी बिअर किती थंड होती ते बघा. फ्रिजमधल्या 4 अंशांवर गोडी आणि वास दोन्ही दबतात, कडवटपणा तेवढा पुढे येतो. 8 ते 12 अंशांवर आली की चाखा.

दौतटाक: 'खरपूस' घेतला. 'क्रीमी'चं घोडं मात्र अडलेलंच.

पाटावरवंटा: 'साईसारखी' लिहा. सारखी म्हटलं की साय असायची गरज नाही.

अस्सल_मऱ्हाटी: 'सारखी' का? स्टाउट हा पोर्टर या दुसऱ्या काळ्या बिअरचा भाऊबंद, तो स्टाउट.

सातूचं_पीठ: ती बिअर, म्हणून ती स्टाउट. लागर कोणी 'तो' म्हणतं का?

अस्सल_मऱ्हाटी: म्हणतात. आणि वाईन तरी 'ती' कशी झाली ते सांगा आधी.