शब्दचर्चा: ‘जूई वा बिजिनेसु दा’ – धंदा, व्यवसाय की बिझनेस?

ओळीखालची: ‘जूई दोरितोरु’ या जपानी मालिकेची (टीबीएस, ऑक्टोबर ते डिसेंबर 2010, 9 भाग, मुख्य भूमिकेत ओगुरी शुन) मराठी उपशीर्षकं चालू आहेत. नायक तोत्तोरी पशुवैद्य आहे. बोलणं तिखट, फी दणदणीत, पण जनावराला हात लावला की माणूस बदलतो. जनावरांचं बोलणं कळतं अशी ख्याती, म्हणून टोपणनाव ‘दोरितोरु’, म्हणजे इंग्रजी बालकथांतल्या, प्राण्यांशी बोलणाऱ्या डॉक्टर डूलिटलचं. त्याचं पालुपद: ‘जूई वा बिजिनेसु दा’, शब्दशः ‘पशुवैद्य म्हणजे बिझनेस’. तोंडातून दीड-दोन सेकंदांत निघून जातं, म्हणजे ओळ वीस-बावीस अक्षरांत बसली पाहिजे. ‘पशुवैद्यकी हा एक व्यवसाय आहे’ लिहिलं तर सत्कारसमारंभातलं भाषण वाटतं. ‘धंदा’ लिहिलं तर तपासणारे म्हणतात, घाण वाटतं. काय करू?

शुद्धमती: व्यवसायच ठेवा. सुशिक्षित डॉक्टरच्या तोंडी ‘धंदा’ शोभत नाही. आणि ‘बिझनेस’ लिहायचं असेल तर भाषांतर करताच कशाला?

दावणीवरून: ‘शेतीला जोडधंदा’ म्हणताना कुणी नाक मुरडतं का? दूधधंदा, उद्योगधंदे, सगळे सोवळ्यातले शब्द. ‘धंदेवाईक रंगभूमी’, ‘धंदेवाईक खेळाडू’ हे तर आज आपण ‘व्यावसायिक’ म्हणतो त्याच अर्थाने छापलं जायचं. शब्द जोडीने आला की सभ्य, एकटा उभा केला की उग्र. या माणसाला उग्रच बोलायचंय ना?

जपानीजाणता: मूळ वाक्याची खोच बघा. धंद्याला जपानीत ‘शोबाइ’ हा जुना, बाजारातला शब्द आहे. साध्या कामाला ‘शिगोतो’. दोन्ही टाळून लेखकाने ‘बिजिनेसु’ हा उसना शब्द घेतलाय. शिवाय ‘इ वा जिन्जुत्सु’ अशी जुनी म्हण आहे: वैद्यक ही दयेची विद्या. तिचं विडंबन ‘इ वा सान्जुत्सु’, म्हणजे वैद्यक हे अंकगणित. तोत्तोरीचं वाक्य त्याच साच्यात बसतं. ऐकणाऱ्या जपानी माणसाच्या कानात दयेची म्हण वाजते आणि तिच्या जागी बिजिनेसु येऊन आदळतो. ‘व्यवसाय’ने ते आदळणं होत नाही.

काना_मात्रा: आपल्याकडेही जोडी तयार आहे. एकीकडे ‘वैद्यो नारायणो हरिः’, दुसरीकडे ‘वैद्यराज नमस्तुभ्यं यमराजसहोदर’. यम नुसते प्राण नेतो, वैद्य प्राण आणि पैसे दोन्ही. पहिल्या भागात ‘मी नारायण नाही. हा धंदा आहे.’ असं करा, वीस अक्षरांत बसतं.

जपानीजाणता: छान आहे, पण नारायण तोक्योत कुठून आला?

शुद्धमती: धंदा हा शब्द ‘धांदल’वरून आलाय. ज्यात धांदल तो धंदा. म्हणूनच त्याला स्थैर्याचा अर्थ नाही.

कोशखोर: दोन शब्द सारखे वाजले म्हणून बाप-लेक होत नाहीत. प्राकृतात ‘धंध’ आहे, गुजरातीत ‘धंधो’, हिंदीत ‘धंधा’ आहे. तिकडे कुठे धांदल? ते असो, मला ‘जूई’ची काळजी आहे. त्यातला ‘जू’ म्हणजे पशू, ‘इ’ म्हणजे वैद्य, तेव्हा ‘पशुवैद्य’ हा शब्दाला शब्द. पण परवान्यावर आणि कायद्यात ‘जूइशी’ लिहितात (कायदा 1949चा). बोलताना तो शेवटचा ‘शी’ गळतो. म्हणजे ‘जूई’ कागदावरचा नाही, तोंडचा शब्द आहे. मराठीत तोंडचा कोणता?

दावणीवरून: गुरांचा डॉक्टर. दुसरा शब्द गावात ऐकू येत नाही. सरकारी पाटीवर ‘पशुधन विकास अधिकारी’ असतं, ते कुणी हाक मारायला वापरत नाही.

ओळीखालची: पण याच्याकडे मांजरं, ससे येतात. मांजराला गुरं म्हणू?

कोशखोर: ‘साळोत्री’ वापरा! शालिहोत्र ऋषींच्या अश्वशास्त्रावरून आलेला शब्द, घोड्यांचा वैद्य. जपानीतही असंच झालंय. ‘हाकुराकु’ म्हणजे घोडा पारखणारा आणि त्याला औषध देणारा. तो शब्द झिजून ‘बाकुरो’ झाला आणि अर्थ घसरला घोडे-बैलांच्या दलालावर.

काना_मात्रा: साळोत्री वाचून प्रेक्षक मालिका थांबवून शब्दकोश काढणार. ‘जनावरांचा डॉक्टर’ लिहा आणि मोकळे व्हा.

ओळीखालची: चालेल. आता दुसरा अडसर. बाकीची पात्रं त्याला ‘बुक्किराबो’ म्हणतात. मी ‘खडूस’ लिहिलंय.

जपानीजाणता: खडूस नको. खडूस माणसाचं मनच कोरडं असतं. बुक्किराबोचा रोख फक्त बोलण्यावर आणि वागण्यावर. सहसा दिली जाणारी व्युत्पत्ती ‘बुक्किरिबो’, म्हणजे घाव घालून तोडलेला दांडका. टोकाला तासलेलं नाही, गुळगुळीत केलेलं नाही. म्हणजे मराठीतलं ‘तुटक’! तीच तोडलेली वस्तू. ‘फटकळ’ही नको, फटकळ माणूस जास्त बोलतो, हा कमी बोलतो.

काना_मात्रा: तिरसट?

जपानीजाणता: तिरसटाला राग असतो. याचं तुटकपण वाक्याच्या शेपटीत आहे. समोर पैसे देणारं गिऱ्हाईक असताना रीतीने ‘देसु’ (अदबीचं ‘आहे’) म्हणायला हवं, तिथे हा ‘दा’ (रोखठोक ‘आहे’) म्हणून थांबतो. म्हणून अरे-तुरे करू नका, तो उर्मटपणा होईल. ‘तुम्ही’ ठेवा, पण ‘आहे’, ‘का’, ‘ना’ छाटा. ‘कधीपासून?’ ‘खातंय?’ ‘बाहेर बसा.’ त्याच हिशेबाने पालुपदही: ‘जनावरांची डॉक्टरकी. धंदा.’

शुद्धमती: क्रियापदाशिवाय वाक्य?

दावणीवरून: खेडेगावात निम्मी वाक्यं अशीच असतात. मला त्यापेक्षा रोगांची नावं बघायची आहेत. ‘इनेन्तेन’ला काय लिहिणार?

ओळीखालची: पोटफुगी.

दावणीवरून: हीच चूक होईल. पोटफुगी गाई-म्हशींची. डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) ढोलासारखी फुगते. फेसाळ असेल तर खाद्यतेल पाजतात, कारण ट्रोकार (वायू काढायची टोकदार नळी) टोचला तरी फेस नळीत अडकतो आणि वायू सुटत नाही. इनेन्तेन म्हणजे जठराला पीळ, ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत. दोन्हीकडची तोंडं आवळली जातात, कुत्रं उबळी काढतं पण बाहेर नुसती लाळ. मागच्या अंगाचं रक्त हृदयाकडे परतत नाही, म्हणून सलाईन पुढच्या पायांतच लावतात. मग वायू काढून ऑपरेशन, पीळ सोडवायचा आणि जठर उजव्या पोटभिंतीला टाके घालून बांधायचं, नाहीतर परत फिरतं. अशा प्रसंगाला ‘पोटफुगी’ वाचलं तर गोठेवाला म्हणेल, एवढं काय, तेल पाजा. ‘पोटाला पीळ’ लिहा.

कोशखोर: आणि ‘माएआशि’ला ‘पुढचा पाय’च ठेवा. ‘हात’ करू नका.

ओळीखालची: ठेवते. अजून एक. जपानी दवाखान्यात रुग्णाला मालकाचं आडनाव लावून पुकारतात: ‘तानाका पोची-चान’ (तानाका आडनाव, पोची कुत्र्याचं नाव, ‘चान’ लाडाचं). आणि मालकाला ‘काइनुशि’. मालक, धनी, पालक?

शुद्धमती: पालक. जनावर ही मालमत्ता नव्हे.

दावणीवरून: ‘काइ’ म्हणजे पाळणं, ‘नुशि’ म्हणजे धनी. मूळ शब्दातच दोन्ही आहेत. आणि पालक म्हटलं की शाळेची सभा आठवते.

काना_मात्रा: पालक म्हटलं की मला भाजी आठवते.