२० लिटरचे जार चालू ठेवावेत की नळाचंच पाणी प्यावं?

सिंहगडरोडकर

पुण्यात सिंहगड रोडला आमची सोसायटी ६४ फ्लॅटची. महापालिकेचं पाणी दिवसाआड, एप्रिल-मेमध्ये त्यात टँकर. सगळं आधी ४० हजार लिटरच्या जमिनीखालच्या टाकीत, मग गच्चीवर. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरचे आकडे, लिटरला मिलीग्रॅममध्ये: नुसतं पालिकेचं पाणी ९०, टँकर मिसळला की ४१०, थंड पाण्याचा जार ३५.

घरी चार माणसं, त्यात दीड वर्षाचं मूल. ४० रुपयांचा थंड जार, महिन्याला १५. सीलबंद घेतला तर ९० रुपये. तर जार चालू ठेवावेत, सीलबंद घ्यावेत की बंद करून घरीच सोय करावी? फक्त "आरओ बसवा" एवढंच उत्तर नको, कारणासकट सांगा.

पाणी_तपासनीस

३५ आकडा बघून जार सगळ्यात शुद्ध वाटत असेल, तर गफलत तिथेच आहे. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. ९० टीडीएसच्या पाण्यात चमचाभर सांडपाणी मिसळलं तरी मीटर ९०च्या आसपासच दाखवेल. शिवाय सीलबंद पाण्याला एफएसएसएआयची (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) टीडीएसची मर्यादा ७५ ते ५०० आहे. म्हणजे ३५चं पाणी त्या नियमात बसतच नाही.

थंड जार आणि सीलबंद जार या दोन वेगळ्या वस्तू आहेत. थंड जार म्हणजे थर्माससारखा कॅन, वर साधं फिरकीचं झाकण. बहुतेक ठिकाणी बोअरचं पाणी आरओमधून काढून चिलरमध्ये गार करतात आणि नळीने कॅनमध्ये सोडतात. कॅन आतून कधी धुतला, कशाने धुतला, काही कळायला मार्ग नाही. जानेवारी २०२५ मध्ये तुमच्याच भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा पालिकेने खासगी आरओ प्लांटचे नमुने तपासून दूषित निघालेले प्लांट बंद केले होते.

सीलबंद जार घ्यायचाच असेल तर हे बघा: झाकणावर न तुटलेलं सील, १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि भरल्याची तारीख. ऑक्टोबर २०२४ पासून आयएसआय खूण सक्तीची राहिली नाही, पण आयएस १४५४३ (सीलबंद पाण्याचं भारतीय मानक) असं छापलेलं असेल तर चांगलंच. जार उजेडात धरा. आत ओरखडे किंवा हिरवट झाक दिसली की परत पाठवा. ओरखड्यांत चिकट थर धरतो आणि नुसत्या विसळण्याने तो निघत नाही.

सील फोडल्यावर मात्र सीलबंद पाण्याचंही कवच जातं. त्यात क्लोरीन नसतं आणि भरताना जंतू मारायला सोडलेला ओझोन वायू लवकरच विरून जातो. त्यामुळे जार तीन-चार दिवसांत संपवायचा. डिस्पेन्सरची खोबण आणि तोटी महिन्यातून एकदा धुवायची: एक लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १ मिली, अर्धा तास भरून ठेवा, मग दोनदा विसळा. हे न करता ९० रुपयांचा जार आणणं म्हणजे पैसे पाण्यात.

नळजोड

वरचं सगळं मान्य. एकच भर: प्युरिफायर विकायला येणारा माणूस दोन ग्लासांत तारा सोडून दाखवतो. नळाचं पाणी तपकिरी होतं, आरओचं तसंच राहतं. तो गाळ पाण्यातला नसतो, त्या लोखंडी काड्यांचा गंज असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि काडी झिजते, आरओच्या पाण्यातून जवळपास वाहतच नाही. त्यावर निर्णय घेऊ नका.

टाकी_आणि_पंप

खडकवासला धरणाचं पाणी शुद्ध होऊन क्लोरीनसकट निघतं. ते बिघडतं ते वाटेत आणि तुमच्या टाकीत. पाणी बंद असताना लाइनमधला दाब जातो. एखादा जोड ढिला असला आणि शेजारी ड्रेनेज फुटलेलं असलं की घाण आत ओढली जाते. कुणी मेन लाइनला थेट मोटर लावली तर आणखी जोरात. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं ते टाकीत घेऊ नका, वाहू द्या.

निर्णय टीडीएसवर नको, ओटी टेस्टवर घ्या, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणाऱ्या ऑर्थोटोलिडिन चाचणीवर. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक क्लोरोस्कोपने (रंगपट्टीचं छोटं किट) करतो तीच. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, किटवर लिहिलेत तेवढे थेंब टाका आणि लगेच रंग पट्टीशी ताडा. दहा सेकंदांत येणारा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा. हळूहळू येणारा धरू नका, ते क्लोरीन घाणीशी आधीच बांधलं गेलेलं असतं. पाणी लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम दाखवायला हवं. तपासलेलं पाणी ओतून द्या, ते रसायन पोटात जायला नको. तीन ठिकाणी बघा: मीटरजवळचा नळ, खालची टाकी, स्वयंपाकघर.

सिंहगडरोडकर

केलं. मीटरजवळ ०.५. खालच्या टाकीत जेमतेम पिवळट छटा, स्वयंपाकघरात रंगच नाही. टाकीच्या झाकणाचा कोपरा तुटलेला आहे आणि चार फुटांवर ड्रेनेजचा चेंबर.

टाकी_आणि_पंप

मग चोर सापडला. पालिकेचं पाणी ठीक आहे, टाकी खराब आहे. जार बंद करण्याआधी तिच्याकडे बघा.

रिकामी करा, तळाचा गाळ खरवडून बाहेर काढा (मोटरने उपसला तर फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या तळाची झडप, तुंबते), प्रेशर जेट मारा. मग २० लिटरच्या बादलीत ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट ८० मिली घालून भिंती-तळावर फवारा, अर्ध्या तासाने धुवा. माणूस एकटा आत उतरवायचा नाही, झाकणं आधी तासभर उघडी ठेवायची. ओव्हरफ्लो पाइपला जाळी, झाकणाला रबर, आणि चेंबरच्या बाजूने ओल दिसते का ते टाकी कोरडी असतानाच बघा. गच्चीच्या टाकीचंही हेच.

टँकर ओतून टाकी भरली की हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे ४० हजारांना २०० ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवा, दहा मिनिटं बसू द्या, वरची नितळ निवळी तेवढी ओता. तळाचा चुना आत गेला की नळाला पांढरं पाणी येतं आणि तक्रारी सुरू. अर्ध्या तासाने पुन्हा ओटी. दमट जागी ठेवलेल्या टीसीएलची ताकद उतरते, त्यामुळे रंग नाही आला तर आधी पावडर संशयित.

पाणी_तपासनीस

आता घरातलं. ९० टीडीएसला आरओ नको, यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) आणि यूएफ (अतिबारीक गाळणी) पुरे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या खालच्या पाण्याला आरओ नको, असंच म्हटलं होतं. तुमचं उन्हाळी ४१० सुद्धा त्याखालीच आहे. कुणी टीडीएस कंट्रोलरवालं (आरओच्या पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळणारं) आरओ गळ्यात मारू पाहिलं, तर यूव्हीचा दिवा पाणी मिसळल्यानंतर आहे का ते उघडून दाखवायला सांगा. आधी असेल तर कच्चं पाणी तसंच ग्लासात येतं.

टँकर बोअरचा असेल तर त्याच्या पाण्याचं नायट्रेट एकदा तपासा, मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होतं. जंतूंसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, नळ दोन मिनिटं सोडून भरा, बर्फात ठेवून सहा तासांत पोचवा. नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं, तर मात्र उन्हाळ्यापुरता सीलबंद जार किंवा आरओ.

टाकीचं काम होईपर्यंत बाळासाठीच नव्हे, सगळ्यांसाठी उकळा. खळखळून एक मिनिट, मग झाकून गार करा, त्याच भांड्यात ठेवा. रोज १० लिटरला साधारण १२० ग्रॅम गॅस जातो, म्हणजे महिन्याला सिलिंडरचा पाव भाग. ४० रुपयांचे १५ जार त्याहून महाग पडतात. थंड जार तर आजच बंद करा.