रंग काढायला म्हणे सेडची एक ओळ पुरते!

पुसदी_पाव्हणा: काल एकानं लिहिलं, "लॉगमधले रंगाचे कोड काढायला सेडची एक ओळ बास, बाकी सगळा बाऊ." सेड म्हणजे मजकुरात शोधून बदल करणारी कमांड, अन् हे कोड म्हणजे टर्मिनलला रंग सांगायला प्रोग्रामनं मजकुरात घातलेल्या खुणा. ती ओळ पाहिली. ती शोधते काय, तर एस्केप नावाचं न दिसणारं अक्षर, चौकटी कंस, आकडे, शेवटी 'एम'. अरे, 'एम' म्हणजे नुसते रंग अन् ठळकपणा. ओळ पुसणारा 'के', कर्सर वर नेणारा 'ए' कोण काढणार? लिंकचा कोड तर बंद होणाऱ्या चौकटी कंसानं सुरू होतो, त्याला ती ओळ शिवतही नाही. ईसीएमए-४८ या कोडांच्या मानकानुसार चौकटी कंसाच्या कोडाचं शेवटचं अक्षर आस्की क्रमांक ६४ ते १२६ मधलं कोणतंही चालतं. आणि मुळात काढायची वेळ येतेच कशाला? फाइलींची यादी देणाऱ्या एलएस कमांडला रंगासाठी 'ऑलवेज' लावून आउटपुट पाइपात, म्हणजे दुसऱ्या कमांडकडं, ढकलता; 'ऑटो' ठेवलं तर फाइलीत रंग जातच नाही.

सेडवाला_आर्वी: काल लिहिणारा मीच. काऊन तापता भाऊ? माह्या लॉगात कपाशीच्या गाड्यांची वजनं असते, तिथं कर्सर कशाले नाचन?

काटेवाला: नाचू नका देऊ, पण छापते! आमच्या इकडं एका जिनिंगच्या काट्यावर पोरानं रंगीत आउटपुट सरळ डॉट मॅट्रिक्सवर सोडलं. एस्केप काही कागदावर दिसत नाही, वजनाच्या आधी '[३२एम' तेवढं उमटलं. शेतकरी म्हणे, हे ३२ किलो कायचे कापले? कडता, म्हणजे वजनातली कपात, समजला तो. अर्धा तास गाडी हलली नाही.

तुरीचं_वावर: बरोबरच समजला! कडता कापतेच की. कपाशीचा ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की सरकारी खरेदीतही भाव कापते, १२ च्या वर तर घेतच नाही. व्यापारी त्याच्यावर आणखी आपला कडता लावते.

काटेवाला: काट्यावर कोणी कापत नाही, कापते ते आडत्याकडं.

तुरीचं_वावर: तुमी काट्यावर बसता, तुमी तेच म्हणान. मा बापानं रात्रीच्या लाइटीत पाणी देऊन पिकवलेला माल आहे तो.

पुसदी_पाव्हणा: धागा एस्केपचा आहे!

लेसभक्त: काढताच कशाला? फाइल पडद्यावर वाचायच्या लेस कमांडला 'आर' द्या, रंगासकट वाचा.

सेडवाला_आर्वी: अन् मालकाले व्हॉट्सअॅपवर लॉग पाठवाचा, तवा त्याच्या मोबाइलात लेस टाकून देऊ काय?

पुसदी_पाव्हणा: नो-कलर नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामांना 'रंग नको' सांगणारी सेटिंग, २०१७ पासून आहे. तो लावा.

सेडवाला_आर्वी: आमचं वजनाचं सॉफ्टवेअर तो मानतच नाही. पण बरं, पंडितजी, 'एम' च्या जागी सगळी अक्षरं टाकतो. लिंका मात्र तुमी येऊन काढा.

तुरीचं_वावर: पावतीवरचे ते ३२ शेवटी कापले का नाही, ते सांगा आधी.