गॅलरीसाठी नर्सरीतून झाडं आणायची आहेत, काय बघून घ्यावीत?

गॅलरीवाली
नमस्कार. कोथरूड, चौथा मजला, पश्चिमेची गॅलरी, साधारण १० बाय ४ फूट. उन्हाळ्यात दुपारी दीडपासून मावळतीपर्यंत ऊन, सकाळी नुसता उजेड. पाऊस नीट सुरू झाला की लिंबू, मोगरा, सोनचाफा, कढीपत्ता आणि दोन गुलाब आणायचा बेत आहे. नर्सरीत फुलांनी लगडलेलं झाड घरी आल्यावर महिन्याभरात पानं गाळतं, ते नेमकं कशानं? निवडताना काय तपासायचं? आणि आणल्या आणल्या कुंडी बदलायची की थांबायचं? सगळ्या कुंड्या १२ इंची आहेत.

गच्चीमाळी
फुलं सगळ्यात शेवटी बघा. आधी खोड बुंध्याशी धरून हलकेच वर उचला. पिशवीही सोबत उचलली गेली तर मुळांनी माती धरली आहे. खोड नुसतंच डगडगलं तर ते रोप नुकतंच लहान पिशवीतून मोठ्या पिशवीत गेलंय. पिशवी मोठी म्हणून भाव जास्त, एवढंच.

मग पिशवी उचलून तळ बघा. भोकांतून पांढरी, बारीक मुळं डोकावत असतील तर उत्तम. जाडजूड मूळ जमिनीत घुसलेलं असेल आणि माळी हिसका देऊन ते तोडत असेल, तर ते झाड तिथंच राहू द्या. पाणी ओढणारी मुळं जमिनीतच राहतात आणि झाड दोन-तीन दिवसांत मान टाकतं.

पानं उलटी करून बघायची, पानाच्या देठाचा आणि फांदीचा सांधाही. कापसासारखं पांढरं दिसलं की पिठ्या ढेकूण, विशेषतः जास्वंद आणि क्रोटनवर. फांदीला तपकिरी टिकल्या चिकटलेल्या असतील आणि नखानं खरवडून निघत असतील तर खवले कीड. असं एक झाड घरात आलं की बाकीच्यांचं कल्याण! म्हणून नवीन झाड पंधरा दिवस वेगळं ठेवा.

पानगळीचं म्हणाल, तर नर्सरीत ही झाडं हिरव्या जाळीखाली, दमट हवेत, शेजारच्या झाडांना खेटून वाढलेली असतात. चौथ्या मजल्यावरचा वारा आणि तिरपं ऊन त्यांना सोसत नाही. पहिल्या आठ-दहा दिवसांत खालची जुनी पानं पिवळी होऊन गळली तर घाबरू नका, आणि त्या घाबरण्यातून जास्त पाणी घालू नका. शेंडा मऊ आणि काळा पडत असेल तर मात्र मुळं कुजत आहेत. आठवडाभर भिंतीच्या आडोशाला ठेवा, मग रोज थोडं थोडं उन्हाकडे सरकवा. कुंडी त्यानंतरच बदला.

मृद्गंध
वरच्यात मातीच्या गोळ्याचं राहिलं. आपल्याकडे नर्सरीत दिसणारी बरीच झाडं बाहेरून येतात. आंध्रातलं कडियम हे तर नर्सऱ्यांचं गाव, तिथून देशभर ट्रक जातात. गुलाब बंगालमधूनही येतात. प्रवासात मुळं उघडी पडू नयेत म्हणून ही झाडं चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतात. पिशवीत वरून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दिसतं, बोट दीड इंच खुपसलं की गोळा लागतो.

तो तसाच कुंडीत गेला तर भोवतीची माती ओली आणि आतला गोळा विटेसारखा कोरडा, असं होतं. पावसाळ्यात उलटं: गोळा एकदा भिजला की आठवडाभर सुकत नाही, मुळांना हवा मिळत नाही. उपाय म्हणजे झाड बादलीत तास-दीड तास बुडवून ठेवायचं, गोळा बाहेरून लिबलिबीत झाला की बोटांनी फक्त बाहेरचा एक तृतीयांश थर सोडवायचा. हे काम ढगाळ हवेत, संध्याकाळी करा. उन्हाळ्यात या वाटेला जाऊच नका.

टेरेसप्रेमी
एक तृतीयांश कशाला? नळाखाली धरून पूर्ण गोळा धुऊन काढावा. अर्धवट काढलं तर दुखणं तसंच राहतं.

मृद्गंध
जास्वंदीला चालेल एक वेळ. बोगनवेल, लिंबू, सोनचाफा यांना अजिबात नको. पाण्याच्या धारेनं केसासारखी मुळं तुटतात आणि पाणी तीच ओढतात. बाहेरचा थर सैल केला की नवी मुळं आपणहून बाहेरच्या मातीत येतात, उरलेला गोळा पुढच्या कुंडीबदलात बघता येतो.

गॅलरीवाली
खूप उपयोगी, धन्यवाद. मातीचं प्रमाण सांगाल का? आणि गुलाबाची सात पानांची फांदी जंगली असते, ती कापायची, हे बरोबर आहे का?

कुंडीकर
सात पानांवर जाऊ नका, चांगल्या गुलाबांनाही सात पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) येतात. फांदी कुठून फुटली ते बघा. डोळा भरलेल्या जागी, म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा कोंब बसवतात तिथं, खोडाला गाठ असते. गाठीखालून फुटलेली फांदी खुंटाची. ती कापली तर पुन्हा फुटते. माती बाजूला करून मुळापाशी धरून खाली ओढून काढा. लावताना गाठ मातीच्या वर दोन इंच राहू द्या.

पण गुलाब आत्ता घेऊच नका, असं माझं मत. पावसात पानांवर काळे ठिपके येतात, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या.

बाकीच्यांचं झटपट:
लिंबू: गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) किंवा डोळा भरलेलं मागा. बियांपासूनचं कागदी लिंबू फळाला यायला चार-पाच वर्षं घेतं. लिंबं लागलेलं झाड घेतलंत तर घरी आल्यावर फळं तोडून टाका, जिवावर आलं तरी.
सोनचाफा: कलमच. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी शाबूत आहे का बघा. जोड पक्का झाला असेल तर ब्लेडनं उभी चीर देऊन ती काढा, नाहीतर खोडात रुतते आणि वाऱ्यात झाड नेमकं तिथंच मोडतं.
कढीपत्ता: एका पिशवीत चार-पाच रोपं असतील तर दाट दिसतं, पण ती सुटी करताना सोटमूळ तुटतं. एकच जाड खोड असलेलं घ्या.
मोगरा: जूनमध्ये बहर संपत आलेला असतो, त्यामुळे फुलं नाहीत म्हणून नाकारू नका. बुंध्यातून तीन-चार फांद्या हव्यात.

माती: दोन लिटरचा डबा माप धरा. तीन डबे लाल माती, दोन डबे पूर्ण कुजलेलं शेणखत (वास येत असेल तर ते कुजलेलं नाही), एक डबा भिजवून पिळलेलं कोकोपीट, एक डबा जाड वाळू, दोन मुठी निंबोळी पेंड (निंबोळ्यांचं तेल काढून उरलेला चोथा). १२ इंची कुंडी वरचा दीड इंच सोडून एवढ्यात भरते. नुसत्या कोकोपीटचं मिश्रण पश्चिमेच्या गॅलरीत नको. पाऊस तिकडूनच तिरपा येतो आणि कुंडी कायम गच्च राहते. त्याच कारणानं सप्टेंबरपर्यंत कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवा. ओली कुंडी वीस किलोच्या आसपास जाते, कठड्यावर ठेवू नका.

कढीपत्त्याची पिशवी ६ इंची असेल तर आधी ८ इंची कुंडीत लावा. लहान मुळांभोवती खूप ओली माती राहिली की ती कुजतात. लिंबू-सोनचाफ्याच्या पिशव्या मोठ्या असतात, ते थेट १२ इंचीत चालतील. सोनचाफ्याला पुढे ड्रम लागेलच.

गच्चीमाळी
गुलाबाबद्दल कुंडीकरांशी सहमत. पिठ्या ढेकूण आलाच तर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिली भांड्यांचा लिक्विड साबण. साबण आधी तेलात घोटा, मग पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. ऊन गेल्यावर फवारा, दर सहा-सात दिवसांनी, तीनदा.

आणि लिंबू, कढीपत्ता दोन्ही घेताय म्हणून: कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर नीट बघा. ती फुलपाखराची अळी असते, मोठी झाली की हिरवी होते आणि छोट्या झाडाची पानं दोन-तीन दिवसांत फस्त करते. फवारणीची गरज नाही, हातानं उचलता येते.