स्थानिक इतिहास, कथा-कादंबरी आणि कविता : वाचनगटासाठी नवी पुस्तके कशी निवडावीत?

मधलेपान (प्रश्न)

आम्ही आठ जण गेली काही वर्षे दर महिन्याला एक पुस्तक वाचतो आणि त्यावर दोन तास मनापासून बोलतो. आजवर आम्ही बहुतांशी जुनी, मान्यता पावलेली पुस्तके वाचली. येत्या काही महिन्यांत मात्र तुलनेने नवे असे तीन प्रकारचे लेखन सलग वाचावे, असे ठरले आहे : एक स्थानिक इतिहासाचे पुस्तक, एक कथासंग्रह किंवा कादंबरी आणि एक कवितासंग्रह.

अडचण निवडीची आहे. गेल्या वेळी मीच आग्रहाने सुचवलेल्या एका स्थानिक इतिहासाने आमची फार निराशा केली. एक देऊळ इसवी सन १६५० मध्ये बांधले गेले, असे लेखकाने ठामपणे लिहिले होते आणि त्याच पुस्तकात छापलेल्या शिलालेखाच्या छायाचित्रात ‘शके १६५०’ ही अक्षरे स्वच्छ वाचता येत होती. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ते बांधकाम १७२८च्या सुमाराचे ठरते. एवढी चूक लक्षात आल्यावर पुढच्या कोणत्याही विधानावर आमचा विश्वास बसेना. असे पुस्तक हाती घेण्यापूर्वीच ओळखता येते का? आणि कथा-कादंबरी व कविता यांत गेल्या दहा-पंधरा वर्षांतले काय आवर्जून वाचावे?

दप्तर

आपण दाखवलेली चूक वाटते त्याहून अधिक पुस्तकांत आढळते, कारण जुन्या कागदांत केवळ शकच नसतो. मराठी दप्तरांत शुहूर सन आणि फसली सन सर्रास येतात. शुहूर सनात साधारण ५९९ आणि दख्खनच्या फसली सनात साधारण ५९० मिळवावे लागतात, तेव्हा इसवी सन मिळतो. लेखकाने कालगणना कोणती धरली आणि रूपांतर कसे केले, हे प्रस्तावनेत किंवा तळटिपेत सांगितले असेल, तर त्याने मूळ कागद स्वतः हाताळले असण्याचा संभव बराच वाढतो.

मी स्थानिक इतिहासाचे पुस्तक नेहमी शेवटाकडून उघडतो. संदर्भसूची आहे का, व्यक्तिनामांची आणि स्थळनामांची सूची आहे का, नकाशा असल्यास तो या पुस्तकासाठी काढलेला आहे की कुठून तरी उचलून अस्पष्ट छापलेला आहे, हे मी आधी पाहतो. त्यानंतर संदर्भसूचीतले वैविध्य पाहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे खंड निघाले. ते आजही उपयोगी आहेत, परंतु अनेक स्थानिक इतिहास म्हणजे त्या खंडांतल्या मजकुराचा सैल अनुवाद आणि त्याला जोडलेल्या काही आख्यायिका, एवढेच असते. ज्या पुस्तकात जमिनीची दप्तरे, घराण्यांचे कागद, शिलालेख आणि जाणत्या माणसांच्या आठवणी एकमेकांशी ताडून पाहिलेल्या असतात, आणि जिथे हे पुरावे जुळत नाहीत तिथे लेखक तसे मोकळेपणाने सांगतो, ते पुस्तक घ्यावे. दंतकथा देण्यात काहीच गैर नाही, फक्त ती दंतकथा म्हणून दिलेली असावी.

तुलनेसाठी जवळ काही जुने असावे, असेही मला वाटते. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३चे आणि त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ १९१५चा. आत्रे यांनी कुणबी, वतनदार आणि बलुतेदार यांच्या परस्परांवरील अवलंबनाचे जे बारकावे टिपले, ते वाचल्यावर ‘पूर्वी गावात सर्व गुण्यागोविंदाने नांदत होते’ असे एका वाक्यात उरकणारे नवे पुस्तक किती पोकळ आहे, हे आपोआप कळते.

उंबरठा

कथा-कादंबरीविषयी लिहितो. नव्या पुस्तकांसाठी बहुतेक जण पुरस्कारांच्या याद्या पाहतात आणि त्यात चूक नाही, परंतु त्या याद्यांचे गणित ठाऊक असावे. साहित्य अकादमीचा पुरस्कार एखाद्या वर्षी जाहीर होतो, तेव्हा विचारात घेतलेली पुस्तके आधीच्या काही वर्षांतली असतात. उदाहरणार्थ, २०२३च्या पुरस्कारासाठी २०१७ ते २०२१ या काळात प्रथम प्रकाशित झालेली पुस्तके पात्र होती. त्यामुळे अगदी ताजे लेखन त्या यादीत नसतेच. पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी २०११पासून अकादमीचा युवा पुरस्कारही दिला जातो आणि नवी नावे तिथे लवकर सापडतात.

या मर्यादेसह माझी पहिली शिफारस कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ची, जिला २०२३चा अकादमी पुरस्कार मिळाला. विस्थापन हा तिचा विषय आहे, परंतु विषय कळला म्हणजे कादंबरी कळली असे तिच्या बाबतीत होत नाही. मागे सुटलेले गाव आणि तिथेच राहिलेली जनावरे यांच्याशी माणसाचे जे नाते उरते, ते खोत यांनी बोलीच्या लयीत असे पकडले आहे की पहिली पंधरा-वीस पाने सावकाश वाचावी लागतात. एकदा कानाला ती लय लागली की मग वाचन अडत नाही. आपल्या गटात कोणी पहिल्याच बैठकीत ‘भाषा अवघड आहे’ म्हणून पुस्तक बाजूला ठेवू पाहील, त्यांना कृपया दोन पाने मोठ्याने वाचायला सांगावे.

कथा हव्या असतील, तर आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ (पुरस्कार २०१६) आणि किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ (पुरस्कार २०२१) हे दोन संग्रह पाहावेत. मला व्यक्तिशः लोमटे अधिक जवळचे वाटतात, कारण त्यांच्या कथेत ग्रामीण राजकारण पार्श्वभूमी म्हणून उभे नसते, ते माणसांच्या रोजच्या बोलण्यात मुरलेले असते.

ओवीकार

कवितेची निवड सर्वांत शेवटी आणि घाईत केली जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते. अनुराधा पाटील यांचा ‘कदाचित अजूनही’ (पुरस्कार २०१९) आणि श्रीकांत देशमुख यांचा ‘बोलावे ते आम्ही’ (पुरस्कार २०१७) हे दोन संग्रह मी सुचवीन. देशमुखांच्या कवितेत शेतकऱ्याचे जगणे आहे, तर पाटील यांच्या कवितेत बाईचे दुःख कमालीच्या संयत आवाजात येते.

कवितासंग्रह एका बैठकीत संपवू नये. प्रत्येकाने आपल्याला भिडलेली एक आणि अजिबात न कळलेली एक, अशा दोन कविता निवडून आणाव्यात. न कळलेल्या कवितेवर होणारी चर्चा बहुधा अधिक सकस होते, असा माझा अनुभव आहे.

दप्तर

वरील शिफारशी उत्तम आहेत. त्यांना एक पर्याय जोडतो : तीन वेगवेगळी पुस्तके निवडण्याऐवजी एकाच जागेविषयीची तीन पुस्तके घ्यावीत. मुंबईचे गिरणगाव यासाठी विलक्षण समृद्ध आहे. इतिहासासाठी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांच्या मुलाखतींवर आधारलेला, २००४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेला मौखिक इतिहास आहे. कथेसाठी जयंत पवार यांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (पुरस्कार २०१२) आहे. कवितेसाठी थोडे मागे जाऊन नारायण सुर्वे यांचा १९६६चा ‘माझे विद्यापीठ’ घ्यावा लागेल, म्हणजे नवेपणाची अट तिथे थोडी मोडेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, हा आकडा कोणत्याही इतिहासात सापडतो. परंतु त्या आकड्यातल्या एका घरात पुढे काय झाले, हे मुलाखतीत एका प्रकारे कळते आणि कथेत दुसऱ्या प्रकारे. सुर्वे यांची कविता तर संपाच्या आधीची आहे, त्यामुळे कामगाराच्या आवाजातला तेव्हाचा विश्वास आणि पवारांच्या कथेतली पडझड एकापाठोपाठ वाचताना मला स्वतःला फार अस्वस्थ व्हायला झाले होते.

मधलेपान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल गटात चर्चा झाली आणि गिरणगावची तीन पुस्तके आधी, त्यानंतर ‘रिंगाण’ आणि ‘कदाचित अजूनही’ असे ठरले. आमच्यातील दोघांना इंग्रजी वाचन सवयीचे नाही; त्यांच्यासाठी मुलाखतींतील निवडक भाग इतरांनी मराठीत सांगावा, असे काम वाटून घेतले आहे. एक शंका उरते : आधी कविता वाचावी की आधी इतिहास?

ओवीकार

आधी कविता वाचावी. इतिहास आधी वाचला, तर सुर्व्यांच्या प्रत्येक ओळीला आपण पुरावा म्हणून तपासू लागतो आणि कविता ऐकायची राहून जाते. मुलाखती दुसऱ्या महिन्यात आणि पवारांच्या कथा तिसऱ्या महिन्यात घ्याव्यात. त्या कथा वाचून झाल्यावर सुर्वे यांच्या त्याच कविता पुन्हा एकदा मोठ्याने वाचण्यासाठी शेवटची पंधरा मिनिटे राखून ठेवावीत.