मदत हवी आहे: देवनागरी फॉन्टमधली जोडाक्षरं
नाशिकला बारा वर्षं डीटीपी करतोय. पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स. आता गिऱ्हाईक एआयकडून चित्र करूनच आणतं, मी फक्त अक्षरं दुरुस्त करायची. परवा 'हार्दिक'चा रफार चक्क 'हा'च्या डोक्यावर! तिथूनच फॉन्ट बनवायला शिकायचं डोक्यात आलं.

फॉन्ट बनवायचं ग्लिफ्स सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं, माझा लॅपटॉप विंडोजचा. म्हणून महिनाभर फॉन्टफोर्ज या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर झटलो. सुटी अक्षरं जमली, पण 'क्ष' टाइप केलं की 'क्‌' आणि 'ष' वेगवेगळेच दिसतात. मुक्ता हा तयार देवनागरी फॉन्ट उघडून पाहिला, त्यातल्या नियमांच्या जंजाळात हरवलो. सुलेखनाचा वर्ग आधीच केलाय, तो सुचवू नका. दुकान बंद करून पुण्या-मुंबईला जाणं जमणार नाही.

जोडाक्षरांचे जीसब नियम (सुट्या अक्षरांच्या जागी जोडलेला आकार आणणारे, फॉन्टमधले नियम) कोणत्या क्रमाने लिहायचे? आणि निव्वळ फॉन्टच्या कामावर इथे राहून कुणाचं घर चालतंय का?