‘बाईंना सगळं येतं’ : शिक्षकांनो, तुमचे अनुभव सांगा

बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय. परवा एका मुलीने विचारलं, “बाई, बर्फ पाण्यावर तरंगतो, मग वितळलेल्या मेणात घट्ट मेण का बुडतं?” मी म्हटलं, “परीक्षेला नाही ते. बस खाली.” ती बसली आणि पुढचा सगळा तास वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या मारत राहिली.

उत्तर मला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. पण बाईंना सगळं येतं, ही माझी माझ्याबद्दलची समजूत, आणि तिला तडा जाऊ नये म्हणून मी पोरीला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी मेण वितळवून त्यात मेणाचा तुकडा टाकला. सरळ तळाला. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, पाणी उलटं फुगतं. तऱ्हेवाईक मेण नाही, पाणी आहे. तिची माफीही मागितली, वर्गासमोर. जीभ जड झाली होती.

तुम्ही स्वतःला जसे समजता, ते तुमच्या शिकवण्यात कुठे डोकावतं? प्रसंग लिहा, उपदेश नको.

भाषा, नववं वर्ष
माझं शांततेत डोकावतं. प्रश्न विचारला आणि वर्ग गप्प राहिला की वाटायचं, आपला तास पडला. मग मीच उत्तर देऊन मोकळी. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली होती. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. आता प्रश्न विचारला की खडू मुठीत घट्ट धरते आणि मनात तीन मोजते. दोनपर्यंत घाम फुटतो.

इतिहास, सतरावं वर्ष
सगळं मनावर ढकलू नका हो. वर्गात ७० मुलं, टेबलावर वह्यांचा डोंगर, वरून रोज नवी माहिती भरून द्यायची. यात स्वतःची प्रतिमा घासूनपुसून काय होणार? मी चिडतो ते दमतो म्हणून.

शिक्षक-प्रशिक्षण
दमण्याचं अगदी खरं. पण दोन गोष्टी वेगळ्या धरू या. ‘मी चांगला शिक्षक आहे’ ही झाली स्वप्रतिमा. ‘या वर्गाला अपूर्णांक शिकवणं मला जमेल’ हा झाला त्या कामापुरता भरवसा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये या भरवशाची मांडणी केली. तो चार वाटांनी येतो : स्वतः करून जमणं, दुसऱ्याचं पाहणं, कोणी धीर देणं आणि आपल्या शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. सगळ्यांत पक्का, करून जमलेला.

हे मला एका प्रशिक्षणार्थी मुलीमुळे उमगलं. पाठ घेताना तिचा आवाज चिरकायचा. मी दर वेळी “छान झालं” म्हणायचो, तिचा विश्वास बसायचा नाही. शेवटी तोच दहा मिनिटांचा पाठ तिला तीन तुकड्यांवर घ्यायला लावला. तिसऱ्या वेळी ती फळा सोडून मागच्या बाकापर्यंत गेली आणि एका मुलाची वही उचलून वाचू लागली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चित्रकला
माझे तास कायम गणिताला जातात. “सर, आजचा तास द्या ना.” दिले. वर्षानुवर्षं दिले. हळूहळू मलाच वाटायला लागलं की आपण म्हणजे भरतीचा माणूस. तासाला उशिरा जाऊ लागलो, चित्रं न बघता सही करू लागलो. एकदा एका मुलाने सहीखालची जागा दाखवून विचारलं, “सर, यात काय चुकलंय?” मी ते चित्र बघितलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा “नाही” म्हटलं. समोरचे सर नुसते “बरं” म्हणून निघून गेले. एवढंच होतं ते!

विज्ञान (मीच)
इतिहासवाले सर, ७० मुलांचं ओझं खरंच आहे, ते मन घट्ट करून हलकं होत नाही. पण त्या मुलीला गप्प केलं तेव्हा मी दमलेली नव्हते. पहिलाच तास होता.

इतिहास
हं. पहिल्या तासाला मीही चिडतो, आता आठवलं. उद्या तीन सेकंद थांबून बघतो. ७० जण तेवढा वेळ गप्प बसले तर!